खासगी अभयारण्याचा ताळेबंद

२०२३ सालच्या एप्रिलअखेरीस दक्षिण आफ्रिकेत एक लिलाव पुकारण्यात आला. विक्रीस होते सुमारे दोन हजार पांढरे गेंडे, ते ज्या भूमीवर चरत होते ती ७,८०० हेक्टर जमीन, तिच्या भोवतीचे कुंपण आणि तेथील यंत्रसामग्री. पहिली बोली एक कोटी डॉलरच्या खाली नसावी, अशी अट होती. लिलाव काही दिवस खुला राहिला आणि १ मे रोजी बंद झाला, तेव्हा एकही बोली आलेली नव्हती. जगात उरलेल्या पांढऱ्या गेंड्यांपैकी सुमारे आठांतला एक ज्या कुंपणाच्या आत होता, त्या कुंपणाला गिऱ्हाईक मिळाले नाही.

ही घटना केवळ प्राणिमित्रांनी हळहळावे अशी नाही. वन्य प्राण्यांची सुटका करणे, बंदिस्त जागेत त्यांची पैदास करणे आणि त्यांचे पुनर्वसन करणे, ही कामे खासगी मालकीच्या अभयारण्यांकडे सोपविण्याचा ओघ आज जगभर दिसतो. आपल्याकडे जामनगरच्या प्रकल्पामुळे तो घराघरांत चर्चेचा विषय झाला आहे. अशा प्रकल्पांसंबंधी आपले मत सहसा दोन टोकांपैकी एका टोकाला जाऊन बसते. कोणी त्यात दानशूरपणाचा कळस पाहतो, तर कोणी धनवंतांचा शौक. वस्तुतः दोन्ही मते मालकाच्या मनाविषयीची आहेत, प्राण्याच्या भवितव्याविषयीची नव्हेत. प्राण्याचे भवितव्य मालकाच्या हेतूवर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते प्रकल्पाच्या ताळेबंदावर अवलंबून असते. दक्षिण आफ्रिकेतील त्या लिलावाने हाच धडा दिला आहे.

या गोष्टीची पूर्वपीठिका ध्यानात घेणे अवश्य आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणी पांढरा गेंडा नामशेष होण्याच्या बेतात होता. शंभराहूनही कमी जनावरे उरली होती आणि तीही मुख्यतः झुलूलँडमधील उमफोलोझीच्या परिसरात. १८९५ साली तेथे त्यांना संरक्षण मिळाले. पुढे १९६० नंतरच्या दशकात इयन प्लेअर यांच्या पुढाकाराने तेथील वाढलेले गेंडे पकडून इतर उद्यानांत, प्राणिसंग्रहालयांत आणि खासगी जमिनींवर नेण्याची मोहीम झाली. १९६८ पासून पैसे घेऊन मर्यादित शिकारीचे परवाने देण्यात येऊ लागले आणि १९९१ च्या कायद्याने पुरेसे कुंपण घातलेल्या जमीनमालकाला आपल्या हद्दीतील वन्य प्राण्यावर मालकी हक्क मिळाला. या धोरणाविषयी नीतीच्या दृष्टीने कोणाचे काहीही मत असो, त्याचा आर्थिक परिणाम स्पष्ट होता. गाईगुरांऐवजी गेंडा पाळणे शेतकऱ्याला परवडू लागले. आज त्या देशातील निम्म्याहून अधिक पांढरे गेंडे खासगी जमिनीवर आहेत. एका उमफोलोझीच्या भरवशावर असलेली जात शेकडो ठिकाणी पसरली, हे या व्यवस्थेचे श्रेय नाकारता येणार नाही.

परंतु जी गोष्ट बाजारभावाने तगते, ती बाजारभावानेच धोक्यात येते. आशियातील, विशेषतः व्हिएतनाम व चीनमधील, मागणीमुळे गेंड्याच्या शिंगाची किंमत भडकली. २००७ साली दक्षिण आफ्रिकेत चोरट्या शिकारीत १३ गेंडे मारले गेले होते. २०१४ साली तो आकडा १,२१५ वर गेला. त्यानंतर तो उतरला असला, तरी २०२४ सालीही ४२० गेंडे मारले गेले. याचा अर्थ असा की, गेंडा बाळगणाऱ्याला आता सशस्त्र पहारेकरी, श्वानपथके, टेहळणीची यंत्रे आणि प्रसंगी हेलिकॉप्टर यांचा खर्च करावा लागतो. हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर, जी मत्ता होती ती देयता झाली. साहजिकच अनेक लहान मालकांनी आपले कळप विकून टाकले.

उलट दिशेने गेले ते जॉन ह्यूम. जमीनजुमल्याच्या विकासाच्या व्यवसायात पैसा मिळवलेल्या या गृहस्थांनी १९९० नंतरच्या दशकापासून गेंड्यांची पैदास सुरू केली आणि क्लार्क्सडॉर्पजवळ जगातील सर्वांत मोठा खासगी कळप उभा केला. गेंड्याच्या मादीचा गर्भकाळ सोळा महिन्यांचा आणि दोन वेतांमधील अंतर साधारणपणे अडीच-तीन वर्षांचे असते, हे ध्यानात घेतले म्हणजे दोन हजारांचा कळप ही किती चिकाटीची कमाई आहे, हे कळून येईल. गेंड्याचे शिंग नखाकेसांच्याच द्रव्याचे असते. ते मुळाला धक्का न लावता छाटले, तर पुन्हा वाढते. तेव्हा ठरावीक काळाने शिंगे छाटावीत, त्यामुळे चोरट्या शिकाऱ्याचा मोह कमी व्हावा, आणि साठवलेली शिंगे कायदेशीर मार्गाने विकून कळपाचा खर्च भागवावा, असा त्यांचा आडाखा होता. मेंढी न मारता लोकर विकावी, तसा हा विचार.

आडाख्यातील प्रजननाचा भाग अचूक ठरला. विक्रीचा भाग मात्र फसला. शिंगांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९७७ पासून बंदी आहे. ती शिथिल करावी, असा तेव्हाच्या स्वाझीलँडने मांडलेला प्रस्ताव २०१६ साली जोहान्सबर्गच्या परिषदेत फेटाळला गेला. दक्षिण आफ्रिकेतील अंतर्गत व्यापारावर २००९ साली घातलेली बंदी न्यायालयीन झगड्यानंतर २०१७ साली उठली खरी. परंतु ज्या देशात शिंगाला मागणी नाही, त्या देशातील खुल्या बाजाराचा उपयोग तो काय? त्याच वर्षी झालेल्या शिंगांच्या लिलावाने ह्यूम यांची निराशाच केली. पैदास वाढत होती, पहाऱ्याचा खर्च वाढत होता, आणि उत्पन्नाची जागा मात्र कोरी होती. शिंगांच्या व्यवहारासंबंधी त्यांच्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये फौजदारी आरोप ठेवण्यात आले आहेत. त्यांची सत्यासत्यता ठरविणे न्यायालयाचे काम आहे आणि प्रस्तुत विवेचन त्यावर अवलंबून नाही.

शिंगांच्या व्यापाराला परवानगी असती तर हा प्रकल्प तरला असता, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परंतु कायदेशीर मालाच्या आडून चोरीचा माल खपवला जाईल आणि मंदावत चाललेली मागणी पुन्हा चेतवली जाईल, ही विरोधकांची भीतीही निराधार म्हणता येत नाही. आसामने २२ सप्टेंबर २०२१ रोजी सरकारी कोठारातील २,४७९ शिंगे जाहीरपणे जाळली, ती याच भूमिकेतून. आपण या वादात कोणत्याही बाजूला असलो, तरी एक मुद्दा उरतोच. ज्या प्रकल्पाचा सारा भरवसा भविष्यात बदलेल अशा कायद्यावर आहे, त्याने दोन हजार जिवांची जबाबदारी अंगावर घ्यावी काय?

अर्थशास्त्राचा विद्यार्थी येथे एक प्राथमिक तत्त्व ओळखील. गेंडा जगला, याचे समाधान साऱ्या जगाला मिळते; ते मिळू नये म्हणून कोणाला दाराबाहेर ठेवता येत नाही आणि त्यासाठी कोणाकडून तिकीटही घेता येत नाही. लाभ सर्वांचा आणि खर्च एकट्याचा, अशी जेथे स्थिती असते, तेथे बाजार आपण होऊन पुरेसा पैसा आणून देत नाही. म्हणून मालकाला दोनच वाटा उरतात. प्राण्याच्या देहातून काही विकाऊ निर्माण करायचे, नाहीतर आपली शिल्लक मोडत राहायची. पहिली वाट कायद्याने अडते. दुसरी कधी ना कधी संपते.

आणि ती संपते तेव्हा जे होते, ते इतर धंद्यांच्या दिवाळ्यासारखे नसते. गिरणी बंद पडली, तर यंत्रे भंगारात जातात आणि कामगारांना निदान न्यायालयाचे दार ठोठावता येते. अभयारण्याचे दिवाळे निघाले, तर त्याचा सर्वांत मोठा धनको तो प्राणीच असतो आणि त्याला दावा लावता येत नाही. हत्ती साठ-सत्तर वर्षे जगतो, गेंडा चाळीसच्या आसपास. मालकाचे आयुष्य, त्याच्या वारसांची आवड आणि त्याच्या कंपनीचा नफा या तिन्ही गोष्टींचा मेळ इतकी वर्षे राहीलच, असे कोण सांगू शकेल?

क्लार्क्सडॉर्पच्या गेंड्यांचे दैव बलवत्तर, म्हणून त्यांना वारस मिळाला. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘आफ्रिकन पार्क्स’ या ना-नफा संस्थेने देणगीदारांच्या मदतीने जमीन व कळप विकत घेतला, आणि दहा वर्षांच्या अवधीत हे सर्व गेंडे सुरक्षित अशा मोकळ्या रानात सोडण्याचा संकल्प जाहीर केला. त्याप्रमाणे २०२४ साली पहिले ४० गेंडे क्वाझुलू-नाताल प्रांतातील मुनयवाना येथे गेले आणि जून २०२५ मध्ये ७० गेंडे थेट रवांडातील अकागेरा उद्यानात पोहोचविण्यात आले. या संकल्पातील सर्वांत अर्थपूर्ण कलम वेगळेच आहे. शेवटचा गेंडा बाहेर पडला की पैदास केंद्र बंद व्हावयाचे आहे. जी संस्था आपल्या अस्तित्वाची गरज संपविण्यासाठी झटते, तिलाच पुनर्वसनाची संस्था म्हणावे. जिचा कळप वर्षानुवर्षे वाढतो आणि दरवाजा मात्र आतल्याच बाजूला उघडतो, तिला संग्रहालय म्हणणे अधिक योग्य.

अर्थात दरवाजा बाहेर उघडला म्हणजे सर्व झाले, असेही नाही. अरबी ओरिक्स या हरिणाची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. १९७२ साली ओमानमध्ये अखेरचे रानटी ओरिक्स मारले गेले. परंतु त्याआधीच, १९६० नंतरच्या दशकारंभी, काही जनावरे अमेरिकेतील फिनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात नेऊन त्यांची पैदास करण्यात आली होती. १९८२ साली त्यांचे वंशज ओमानच्या वाळवंटात परत आले आणि १९९६ पर्यंत त्यांची संख्या सुमारे साडेचारशेवर गेली. त्यानंतर चोरट्या शिकारीने कळप इतका घटला की, दशकभरात ६५ च उरले. ओमानने संरक्षित क्षेत्र ९० टक्क्यांनी कमी केले, आणि २००७ साली हे अभयारण्य जागतिक वारशाच्या यादीतून वगळले गेले. त्या यादीतून काढले गेलेले ते पहिलेच स्थळ. पैदास करणाऱ्यांनी आपले काम चोख केले होते. कमी पडले ते रान आणि रानाचा पहारा.

याच्या उलट एक लहानसे, गाजावाजा न झालेले उदाहरण आपल्याच देशात आहे. आसाममधील पिग्मी हॉग, म्हणजे वीतभर उंचीचे रानडुक्कर, नष्टप्राय झाले होते. १९९६ साली मानसच्या गवताळ प्रदेशातून सहा जनावरे पकडून गुवाहाटीजवळ प्रजनन केंद्र सुरू झाले. जर्सी बेटावरील डरेल संस्था, आसाम शासन आणि स्थानिक कार्यकर्ते यांनी मिळून ते चालविले. २००८ पासून दीडशेहून अधिक जनावरे पुन्हा रानात सोडण्यात आली. त्यांत सोडण्यापूर्वी रानातले जगणे शिकविणे होते, सोडल्यावर पाहणी होती, आणि मुख्य म्हणजे गवताची कुरणे राखण्याचा उद्योगही होता. हे जनावर देखणे नाही, त्याला पाहण्यास कोणी पाहुणा विमानाने येत नाही. तरीही प्रकल्पाचे माप हेच असावे, हे त्याने दाखवून दिले.

आता आपल्या कायद्याकडे वळू. दक्षिण आफ्रिकेप्रमाणे आपल्याकडे वन्य प्राण्यावर खासगी मालकी मिळविता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या मुळाशी वन्य प्राणी ही राज्याच्या ताब्यातील ठेव आहे, अशी धारणा आहे. बंदिस्त प्राण्यांसाठी १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले, आणि त्याची मान्यता घेऊनच खासगी संस्था असे केंद्र चालवू शकते. जामनगरच्या सुमारे तीन हजार एकरांवरील ‘वनतारा’ प्रकल्पाविषयी तक्रारी झाल्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती जे. चेलमेश्वर यांच्या अध्यक्षतेखाली विशेष पथक नेमले. पथकास कायद्याचे उल्लंघन आढळले नाही, आणि सप्टेंबरमध्ये न्यायालयाने तो अहवाल स्वीकारला. कायद्याचा प्रश्न तेथे मिटला. परंतु कायद्याचे पालन हा किमान दर्जा झाला. चाळीस वर्षांनंतर काय, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही चौकशी पथकाच्या कार्यकक्षेत येत नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न जुलै २०२५ मध्ये फार जवळून भिडला. शिरोळ तालुक्यातील नांदणी मठाची महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने जामनगरला नेण्यात आली, आणि कोल्हापूर परिसरात हजारो लोक रस्त्यावर आले. एका बाजूस हत्तिणीच्या प्रकृतीची व एकाकीपणाची चिंता होती, दुसऱ्या बाजूस पिढ्यान्‌पिढ्यांचा जिव्हाळा होता. हत्तीण कोणाची, यावर सारा वाद झाला. वास्तविक तिच्या उरलेल्या आयुष्याचा खर्च, उपचार आणि देखरेख यांची हमी कोण व कशाच्या बळावर देतो, हे मठालाही विचारावयास हवे होते आणि उद्योगपतींच्या न्यासालाही. मालकीचा वाद भावनेचा असतो. हमीचा प्रश्न हिशेबाचा असतो, आणि मुक्या जनावराला कामास येतो तो हिशेबच.

हा विचार आपल्या परंपरेला परका नाही. मुंबईत १८३४ साली जमशेटजी जिजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभे राहिले. त्या काळच्या व्यापाऱ्यांनी केवळ एकरकमी देणगी देऊन पुण्य पदरी पाडून घेतले नाही. त्यांनी व्यापारी मालावर पट्टी बसवून घेतली, आणि पुढे इमारतींच्या भाड्याचाही आधार संस्थेला मिळाला. देणारे गेले, त्यांच्या पेढ्या गेल्या, व्यापाराचे स्वरूप पार बदलले. भुलेश्वरचे पांजरपोळ मात्र राहिले. त्या महाजनांनी अर्थशास्त्राची पुस्तके वाचली नव्हती. पण जनावर हे हौसेपेक्षा दीर्घायुषी असते, इतके त्यांना पक्के ठाऊक होते.

तेव्हा खासगी अभयारण्यांना मान्यता देताना तीन अटी घालणे अगत्याचे आहे. पहिली अट कायमनिधीची. जितके प्राणी ठेवावयाचे, त्यांच्या उरलेल्या आयुष्याचा खर्च व्याजातून भागेल इतकी रक्कम मालकाच्या उद्योगापासून अलग अशा विश्वस्त निधीत अगोदर ठेवली पाहिजे. दुसरी अट जाहीर हिशेबाची. किती प्राणी आले, कोठून आले, किती जन्मले, किती मेले, किती रानात सोडले आणि सोडलेल्यांपैकी किती जगले, हे दरवर्षी लोकांपुढे यावे. तिसरी अट परतीच्या मार्गाची. येथे सुटका आणि पैदास यांत भेद करणे जरूर आहे. सर्कशीतून सोडविलेला म्हातारा हत्ती रानात परत जाऊ शकत नाही. त्याला आमरण आसरा देणे हेच पुण्यकर्म, आणि त्याला पुनर्वसन म्हटले तरी हरकत नाही. परंतु जेथे जाणूनबुजून पैदास करावयाची, तेथे ती जनावरे कोणत्या रानात, कधी आणि कोणाच्या पहाऱ्यात जाणार, याची योजना आधी मंजूर झाली पाहिजे. योजना नसेल, तर पैदासही नसावी.

यावर असा आक्षेप येईल की, इतक्या अटी घातल्या तर दाते पुढे येणार नाहीत, आणि सरकार तरी कोणते मोठे कर्तबगार आहे? सरकारी उद्यानांतील रिकाम्या जागा, थकलेले पगार आणि अपुरी तरतूद कोणास ठाऊक नाही? तथापि काझीरंगा सरकारनेच राखले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मोजक्याच उरलेल्या एकशिंगी गेंड्यांची संख्या तेथे २०२२ च्या गणनेत २,६१३ भरली, हेही विसरून चालणार नाही. खासगी दाता नको, असे कोणी म्हणत नाही. रुग्णालय बांधणाऱ्या दात्याकडे आपण वैद्यकीय नियमांचे पालन मागतो. त्यामुळे रुग्णालये निघावयाची थांबली नाहीत. ज्याची उमेद खरी आहे, त्याला कायमनिधीची अट अपमानास्पद वाटण्याचे कारण नाही. उलट आपल्यामागे आपले कार्य टिकावे, ही प्रत्येक दात्याची इच्छा असते आणि ही अट ती इच्छाच पुरी करते.

आपल्या हातीही काही आहे. एखाद्या खासगी अभयारण्याची छायाचित्रे पाहून शाळेची सहल काढण्यापूर्वी, त्याच्या स्तुतीचा निबंध मुलांकडून लिहून घेण्यापूर्वी, शिक्षकाने एक प्रश्न वर्गात विचारावा: येथून रानात किती परत गेले? या प्रश्नाचे उत्तर ज्या संस्थेजवळ आकड्यांत आहे, तिला मुक्तकंठाने धन्यवाद द्यावेत. ज्या संस्थेजवळ ते नाही, तिच्या वैभवाने दिपून जाण्याचे कारण नाही. क्लार्क्सडॉर्पला ऐन वेळी वारस भेटला. प्रत्येक कुंपणाला तसा भेटेलच, असे गृहीत धरून कायदा करता येत नाही.